क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणजे नेमकं कोण? प्राडा-कोल्हापुरी वादातून समजून घ्या

22 जून 2025 रोजी मिलानमध्ये प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो झाला. मॉडेल्सच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला होत्या. कंपनीने मात्र त्यांना फक्त 'लेदर सँडल' म्हटलं. महाराष्ट्रातून टीका सुरू झाली. रॅम्पवर काय जाणार, हे ठरवतं कोण?

क्रिएटिव्ह डायरेक्टर काय करतात?

लक्झरी ब्रँडचे कपडे, बॅगा, चपला, शो आणि जाहिराती कशा दिसतील, याची दिशा क्रिएटिव्ह डायरेक्टर ठरवतात. हाताखाली डिझायनर्सची टीम असते, पण अंतिम शब्द त्यांचा. प्राडामध्ये ही जबाबदारी दोघांकडे आहे. संस्थापक मारिओ प्राडा यांची नात मिउचा प्राडा आणि 2020 पासून बेल्जियमचे राफ सिमन्स.

जीआय असूनही असं कसं झालं?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं. आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्यालाही ते आहे. जीआय मुख्यतः नावाला संरक्षण देतं. दुसरीकडची केळी 'जळगावची केळी' म्हणून विकता येत नाही. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नावच वापरलं नव्हतं. शिवाय भारतातलं जीआय परदेशात आपोआप लागू होत नाही.

श्रेय देता येतं का?

हो. मारिया ग्राझिया किउरी 2016 मध्ये डिऑरच्या पहिल्या महिला क्रिएटिव्ह डायरेक्टर झाल्या. 30 मार्च 2023 रोजी त्यांनी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. कपड्यांवरचं भरतकाम मुंबईच्या 'चाणक्य' कार्यशाळेतल्या कारागिरांचं होतं आणि डिऑरने तसं जाहीरपणे सांगितलं. गेटवेवर लावलेलं भव्य तोरणही याच कारागिरांनी केलं होतं.

प्राडाने पुढे काय केलं?

टीकेनंतर प्राडाने या चपलांची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची असल्याचं मान्य केलं. डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या 'लिडकॉम' आणि कर्नाटकच्या 'लिडकर' या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून सुमारे 2,000 जोड बनवून घेण्याची योजना त्यात आहे. एका जोडाची किंमत सुमारे 800 युरो सांगितली गेली. त्यातले किती कारागिराच्या हातात पडतील, हा खरा प्रश्न आहे.