‘लिमिटेड’ या एका शब्दाने काय झाले?

आपल्या शिरड शहापूरची आयटीआय झालेली पोरं आजही ‘ऑर्डनन्स’च्या भरतीची वाट बघतात. पण मित्रांनो, १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड अस्तित्वातच नाही.

इंग्रजांनी १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी उभे राहिले. हे कारखाने म्हणजे थेट संरक्षण मंत्रालयाचे खाते, कामगार केंद्र सरकारचा नोकर. केंद्राच्या याच नोकऱ्यांत १९४३ साली, मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा मिळवल्या होत्या.

२०२१ मध्ये ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. खडकी, भंडारा, वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’मध्ये, अंबाझरी, भुसावळ, अंबरनाथ ‘यंत्र इंडिया लिमिटेड’मध्ये. लोकार्पण विजयादशमीला! त्याच वर्षी संप रोखणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदाही आला.

काही जण म्हणतात, कंपनी सरकारचीच आहे, आरक्षणही आहे. आज आहे, कबूल. पण खाते विकता येत नाही, शेअर विकता येतात. २००१ मध्ये बाल्कोचे ५१ टक्के शेअर स्टरलाइटला गेले. कामगार सुप्रीम कोर्टात गेले, तर कोर्ट म्हणाले, कलम १४ आणि १६ चे संरक्षण जाते एवढ्यावरून विक्री बेकायदा ठरत नाही. आरक्षणाचा पाया असलेले १६(४) त्याच कलमात आहे.

विक्री अजून दूर असेल. पण भंडारा, चांदा इथल्या ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’च्या अलीकडच्या जाहिराती वाचा. पदे कायम नाहीत, ठरावीक मुदतीची आहेत.