आधी यादी, मग स्कॅन

हैदराबादच्या तारनाक्यातील राज्य अभिलेखागारात शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या कारभाराची सुमारे दीड लाख कागदपत्रे आहेत, बहुतेक फारसीत. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता. म्हणजे हा आपलाही ठेवा. त्याच्या डिजिटायझेशनची सुरुवात स्कॅनरपासून नव्हे, सूचीपासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. ‘अर्ज-ओ-चेहरा’ हा स्वार आणि घोड्यांच्या वर्णननोंदीचा कागदप्रकार पाहा: स्वाराचे नाव, बापाचे नाव, चेहऱ्यावरचा तीळ किंवा जखमेचा व्रण, घोड्याचा रंग, त्यावरचा डाग. अशा कागदांच्या पाठीवर अनेकदा शेरे आणि शिक्के असतात. सूचीत पाठीची नोंद नसताना स्कॅनमध्ये ती सुटली, की कागद कुठल्या कचेरीतून फिरला याचा पुरावाच निसटतो.

कोणी म्हणेल, कसर थांबत नाही. फारसीची शिकस्ता ही घसटी लिखाणशैली वाचणारे मोजकेच, त्यांची वाट पाहत बसलो तर कागदाचा भुगा होईल. हे खरे आहे, आणि म्हणूनच जीर्ण कागद आधी घ्यावेत. पण क्रमांक, तारीख आणि मूळ गठ्ठा एवढी नोंद तरी प्रत्येक प्रतिमेसोबत हवीच. तिच्याविना लाखो प्रतिमांतून मराठवाड्यातल्या औशाचा किंवा परांड्याचा एक कागद शोधणार कसा? जुन्या दप्तरदारांनी गठ्ठे लावले ते कामाच्या क्रमाने, आणि तो क्रम हीसुद्धा इतिहासाची साक्षच आहे.