गिरणीतला अर्धा तास

मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून काय खावे, याच्या याद्या हल्ली जागोजागी मिळतात. पालेभाजी, डाळी, ताक, मूठभर शेंगदाणे. सल्ला योग्यच आहे. मुंबईच्या गिरणगावात मात्र या प्रश्नाच्या आधीचे दोन प्रश्न सोडवावे लागले: जेवायला वेळ कोण देणार आणि रांधणार कोण?

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे गिरण्यांत आली. गावाकडे ऊन चढले की बांधावर शिदोरी सुटत असे. गिरणीत पोटाची वेळ यंत्राच्या वेळेपुढे नमली. दिवस उजाडण्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि साचा चालू असताना घास घेणे म्हणजे एक डोळा धाग्यावर ठेवणे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढ कामगाराच्या जेवणाबद्दल तो गप्प होता.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या कामगारांच्या सभांतून एक निवेदन तयार झाले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, अपघातात भरपाई या मागण्यांच्या शेजारी तिथे आणखी एक मागणी होती: दुपारी अर्धा तास विश्रांती. हातातले काम सोडून, चार माणसांत बसून, घास चावून खाण्याचा हा हक्क होता. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीशिवाय घेण्यास मनाई केली आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली.

वेळ मिळाला, तरी ताटाचा प्रश्न उरलाच. अनेक कामगारांची कुटुंबे गावी असत. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या पुरुषांना गावच्या चवीचे जेवण मिळे ते खानावळीत. भाकरी, आमटी, भात, भाजी. जेवताना गावची खबर, पावसाची चौकशी. दिवसभराचा शीण उतरायला त्या पंगतीचाही हातभार लागे.

या पंगतीची दुसरी बाजू चुलीपाशी होती. खानावळ चालवणाऱ्या बहुतेक बाया गिरणगावातल्याच. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत. किराणा मात्र आधी भरावा लागे, तोही उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर. संप झाला की गिऱ्हाईक जेवत राही आणि पैसे थांबत. जेवणाऱ्याच्या मनाला मिळणारी स्वस्थता रांधणारीच्या काळजीवर उभी होती. प्रेमा पुरव यांनी हे ओळखले. १९७५ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. सावकाराचा फास सैल झाला, तेव्हा त्यांनाही घास गोड लागला असेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत आणि अनेक खानावळींचे जेवणारे पांगले.

आज त्याच परिसरात काचेच्या इमारती आहेत. तिथे पौष्टिक डबा उघडणाऱ्याचा एक डोळा अनेकदा संगणकाच्या पडद्यावर असतो. डब्यात काय आहे, याची चौकशी आपण आवर्जून करतो. तो खायला अर्धा तास मिळतो का आणि तो भरणाऱ्या हातांना स्वतःचे ताट कधी वाढून घेता येते, हेही विचारायला हवे. लोखंडे यांच्या निवेदनातील ती मागणी अजून जुनी झालेली नाही.