कांद्याच्या शिवारातली सरपंचबाई

गावातल्या बाईला पंचायतीत कुणी बसवलं? उत्तर सगळ्यांना पाठ आहे: ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, एक तृतीयांश जागा. महाराष्ट्राने २०११ मध्ये हा वाटा निम्म्यावर नेला. पण महाराष्ट्रातल्या सरपंचबाईचं माहेर मला दिल्लीत सापडत नाही. ते सापडतं नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला, कांद्याच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीत.

दिल्लीची वंशावळ पाहा. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने सुचवलं, बायका-मुलांच्या कामात रस असलेल्या दोन स्त्रिया पंचायतीत सामावून घ्या. १९७४ मध्ये स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने गावोगाव स्त्रियांच्या स्वतंत्र पंचायती मागितल्या. १९७८ मध्ये अशोक मेहता समिती म्हणाली, सर्वांत जास्त मतं मिळवणाऱ्या दोघी हरल्या तरी त्यांना घ्या. या तिन्ही शिफारशींत बाईला जागा कुणीतरी देतं. ती स्वतः मागत नाही.

मागणी आली ती दुसऱ्याच वाटेने. १९८० मध्ये चाकणला कांद्याच्या भावासाठी शेतकरी संघटना रस्त्यावर आली. पुढे नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि जिल्हा परिषद, पंचायतींच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या असं ठरलं. शरद जोशींची ही संघटना तोवर स्वतः निवडणुका लढवण्यापासून लांब राहिली होती. मग बायकांसाठीच हा रिवाज का मोडला? माझा तर्क असा: कांद्याला भाव मिळाला म्हणून गावातला दारूचा गुत्ता बंद होत नाही, की पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरत नाही. त्यासाठी गावची सत्ताच हाती असावी लागते, आणि हे बायकांना आधी उमगलं.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका मात्र १९७९ नंतर थेट १९९२ मध्ये झाल्या. त्यामुळे चांदवडचा निर्धार १९८९ च्या ग्रामपंचायतींत उतरला. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळमधलं मेटीखेडा इथे अख्खी पॅनेलं बायकांची निवडून आली. राज्याचं ३० टक्के आरक्षण १९९० मध्ये आलं, म्हणजे त्यानंतर. हा क्रम मला योगायोग वाटत नाही.

यावर दोन आक्षेप निघतात. एक, कर्नाटकाने १९८३ च्या कायद्यातच स्त्रियांना २५ टक्के जागा दिल्या होत्या. खरं आहे; पण तिथे कायदा आधी आला, उमेदवार मागून. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पुणे जिल्ह्यातल्या निंबूतला १९६० च्या दशकातच सगळ्या बायकांची पंचायत होती. पहिलेपणाचा मान निंबूतचाच. पण त्या एका गावातून पुढे चळवळ उभी राहिली नाही; चांदवडहून राहिली, कारण तिथून वाट जमिनीकडे वळली.

ही वाट म्हणजे ‘लक्ष्मीमुक्ती’. ज्या गावात निदान शंभर शेतकरी जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करतील, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. विटनेरमध्ये हे घडलं. तलाठ्याच्या दप्तरात, सातबारा उताऱ्यावर, मालक म्हणून शंभराहून जास्त बायकांची नावं चढली.

आज सरपंचबाईच्या खुर्चीत नवरा बसतो, अशी तक्रार सगळे करतात. चांदवडची परंपरा त्यावरचा इलाज दाखवते: कायद्याने खुर्ची मिळते, पण तिथे बसून नवऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचं बळ स्वतःच्या नावच्या रानातून येतं. पन्नास टक्के जागा देऊन थांबलेल्या राज्याने आता सातबाऱ्यावरच्या वाट्याचा हिशेब मांडायला हवा.