पाटी वाचायला किती सेकंद?

आपण वर्तकनगरला बसलोय, तर इथूनच सुरुवात करू. पोखरण रोडने खाली उतरलं की कॅडबरी जंक्शनला हमरस्ता लागतो. पुढे माजिवड्याला नाशिकची आणि घोडबंदरची वाट वेगळी होते. ताशी ८० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पाटी वाचण्यात तीन सेकंद गेले की गाडी ६६ मीटर पुढे गेलेली असते. लेन चुकली की माणूस कचकन ब्रेक दाबतो, आणि अपघात तिथेच होतो.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. १९०९ साली पॅरिसला काही देशांनी चार खुणा ठरवल्या: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. १९६८च्या व्हिएन्ना कराराने ही चित्रभाषा आणखी पसरली. आपला धोक्याचा लाल काठाचा त्रिकोण त्याच घराण्यातला; अमेरिकेने मात्र आपला पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, सोडला नाही. रंगांचंही तसंच. जर्मनीत महामार्गाची पाटी निळी, इटलीत हिरवी.

पण गावाच्या नावाचं चित्र कसं काढणार? तिथे अक्षरच लागतं. ब्रिटनचा पहिला मोटरवे, प्रेस्टनचा बायपास, १९५८ साली सुरू झाला. त्याच्या पाट्या जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केल्या. सगळी कॅपिटल अक्षरं न वापरता त्यांनी पहिलं मोठं आणि बाकीची लहान घेतली. त्यावर वाद झाला. मग विमानतळाच्या मोकळ्या जागेत माणसं बसवली, समोरून पाट्या लावलेली गाडी आणली आणि कोणती पाटी किती लांबून वाचता येते ते मोजलं. गंमत म्हणजे विरोधकांची कॅपिटल अक्षरं किंचित सरस ठरली! फरक अगदी थोडा होता, म्हणून निवड दिसण्यावर झाली. पण आधी मोजलं, हे महत्त्वाचं.

आता आपल्याकडे या. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. शिरोरेषा आहे, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. इंग्रजीइतक्याच उंचीच्या पट्टीत मराठी नाव बसवलं तर मूळ अक्षर बारीक होतं. म्हणजे इंग्रजीचं माप मराठीला लावून चालत नाही.

नागपूरहून आपल्या जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत येणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. तिथे तीन सेकंद म्हणजे शंभर मीटर. फक्त मराठी वाचणाऱ्या ड्रायव्हरलाही तेवढ्या अंतरात गावाचं नाव कळलं पाहिजे. पाटीवर मराठी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती लांबून वाचता येते का, ते विचारा.