खाण तशी माती?

उतारवयांत गुडघे धरले कीं आमच्याकडे दोन उत्तरें तयार असतात : एक 'वयाचा गुण' आणि दुसरें 'खाण तशी माती'. दोहोंनींही विचार तेथेंच थांबतो. म्हणून सांध्यांच्या या झिजेविषयीं, ऑस्टिओआर्थ्रायटिसविषयीं, शास्त्राचें मत कसें पालटत गेलें हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डेन (१७१०–१८०१) यांनीं बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर उठणाऱ्या कठीण गांठींचें वर्णन केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ सालीं प्रसिद्ध झालें. या गांठी वातरक्ताहून निराळ्या, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. रोग निराळा ओळखल्यावांचून त्याचें कूळ शोधतां येत नाहीं.

तें कूळ अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें रॉबर्ट स्टेचर यांनीं शोधूं पाहिलें. अशा गांठी असलेल्या स्त्रियांच्या मातांत हा विकार अपेक्षेच्या दुप्पट व बहिणींत तिप्पट आढळतो, असें त्यांनीं १९४१ सालीं दाखविलें. आणि स्त्रियांत प्रबळ, पुरुषांत दबलेलें असें एकच जनुक याचें कारण असावें, असें अनुमान केलें. अनुमान सुटसुटीत होतें. परंतु मायलेकी केवळ रक्ताच्याच नव्हे, तर अन्नाच्या व कष्टांच्याही वांटेकरी असतात. केवळ वंशवृक्षावरून पिंड व परिस्थिति यांची निवड होणें कठीण.

ही निवड करण्यास जुळ्यांची साक्ष उपयोगी पडली. लंडन येथें टिम स्पेक्टर व त्यांचे सहकारी यांनीं ४८ ते ७० वर्षांच्या एकरूप जुळ्या बहिणींच्या १३० व भिन्नरूप जुळ्या बहिणींच्या १२० जोड्या तपासल्या. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत हात व गुडघे यांच्या विकारांत आनुवंशाचा वांटा शेंकडा ३९ ते ६५ ठरला. पुढें २०२१ सालीं ८,२६,६९० लोकांच्या तपासणींत या विकाराशीं निगडित असे १०० जनुकीय भेद नोंदले गेले. कांहीं विरळा कुटुंबें सोडल्यास एकाच जनुकाची सत्ता येथें चालत नाहीं. अनेकांचा थोडथोडा भार मिळून हा कल ठरतो.

वरील शेंकडेवारीचा अर्थ मात्र नीट ध्यानीं घेतला पाहिजे. ती एका माणसाच्या दुखण्याची वांटणी नव्हे. माणसामाणसांत जो भेद दिसतो, त्यांतील आनुवंशाची ती मोजणी आहे. आईचा गुडघा म्हणजे लेकीच्या गुडघ्याचें भविष्य नव्हे. फ्रॅमिंगहॅम येथील स्त्रियांविषयींच्या १९९२ सालच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, दहा वर्षांत सुमारें ५ किलो वजन घटलेल्यांत गुडघ्याच्या दुखऱ्या झिजेचा संभव निम्म्याहून अधिक कमी होता. वारसा बदलतां येत नाहीं. परंतु वजन, स्नायूंचें बळ व दुखापतीपासून जपणूक यांवर आपला कांहीं अधिकार चालतो. घरांतील वडीलधाऱ्यांस 'हें चालायचेंच' म्हणून गप्प बसविण्यास शास्त्राचा आधार उरलेला नाहीं.