भिंतीवरचे ताड, गिरडचे दगड

सेवाग्रामच्या बापूकुटीत भिंतीवर मातीनंच उठवलेली ताडाची झाडं आहेत. मोर आहे, चरखा आहे, ॐ आहे. वेगळा रंग कुठंच नाही, भिंतीचा तोच त्या झाडांचा. मी आयुष्यभर समुद्रपूर तालुक्यातल्या शाळांत चित्रकला शिकवली. सहल सेवाग्रामला गेली की पोरं टेलिफोनपाशी आणि साप पकडून ठेवायच्या पिंजऱ्यापाशी गर्दी करायची. बापूंना साप चावला होता का, मारायचा का नाही, हे प्रश्न मग बसमध्ये परत येईपर्यंत चालायचे. ताडाबद्दल कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. समोरून बघितलं तर ते काम सपाट वाटतं; जरा बाजूला सरकलं की उठाव कळतो.

हे हातकाम मीराबेनचं. मूळ नाव मॅडेलिन स्लेड, जन्म १८९२चा, ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. बीथोवनच्या संगीताच्या वेडापायी ती बीथोवनवर लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँपर्यंत पोचली, रोलाँमुळे गांधींपर्यंत, आणि १९२५च्या नोव्हेंबरात साबरमतीला. गांधी ३० एप्रिल १९३६ला वर्ध्याजवळच्या शेगावात आले, तेव्हा ती त्या गावात आधीच कामाला लागली होती. घर बांधायच्या अटी गांधींच्या होत्या: खर्च पाचशे रुपयांच्या आत, सामान आसपासचं, कारागीर गावातले. त्यातून आदि निवास उभा राहिला. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली झोपडी. गांधी तिथं नंतर राहायला गेले. विदर्भातल्या दुसऱ्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४०मध्ये गावाचं सेवाग्राम झालं.

माझी भाची पुण्याला असते. तिनं नवा फ्लॅट घेतला आणि सगळा ‘बोहो’ करायचं ठरवलं. फोनवर फोटो आले: मॅक्रमेचं टांगणं, वेताची खुर्ची, ज्यूटचा गालिचा, आरसे लावलेल्या उशा, आणि हॉलच्या मुख्य भिंतीवर लिप्पन. लिप्पन म्हणजे कच्छमधलं मातीचं आणि आरशांचं काम. आता त्याचं सामान खोक्यात भरून घरपोच येतं. “मावशी, तुला आवडेल बघ, अगदी गावठी आहे.” मला आवडलं, खोटं कशाला बोलू? पण मनात आलं ते असं, की ही चाल आमच्या वर्धा जिल्ह्याला नवी नाही. बापूकुटी हे इकडचं पहिलं बोहो घर, असं म्हटलं तर आश्रमातली जुनी माणसं मला दारात उभं करणार नाहीत. तरी म्हणते.

कारण बोहो आणि बापूकुटी, दोन्हींचं मूळ एका जागी जातं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या, ‘बोहेमियन’ म्हटल्या जाणाऱ्या चित्रकारांनी जुन्या बाजारातल्या सतरंज्या, पडदे, तुटक्या खुर्च्या एकत्र करून खोल्या सजवल्या. ती त्यांची गरज होती. शैली हे नाव मागाहून आलं. इंग्लंडमध्ये त्याला जोडता येईल असा विचार मांडला जॉन रस्किननं आणि विल्यम मॉरिसनं: यंत्राच्या फर्निचरनं भरलेली खोली कुरूप, कारण ते करणाऱ्याच्या हाताला त्यात आनंद नाही. मॉरिस त्या वाटेनं हातठशाच्या पडद्यांकडे आणि भिंतीच्या कागदांकडे गेला, आणि ते घ्यायची ऐपत शेवटी श्रीमंतांचीच उरली. रस्किनचं ‘अन टू धिस लास्ट’ १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधींच्या हाती पडलं, आणि ती दुसरी वाट शेगावच्या मातीपर्यंत आली.

आता मातीचं सांगते, कारण ते मला पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक आहे. आमच्याकडे जमीन काळी, कापसाची. ती भिंतीला चालत नाही. पाण्यानं फुगते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीला लागते ती पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाची माती. शेत ते काळी आणि वस्ती ती पांढरी, हे आपल्याकडे फार जुनं आहे. माझ्या आजीच्या घराचा मागचा कूड तुराटीचा होता: उभ्या तुराट्या, त्यांना आडव्या बांबूच्या कामट्या, सुतळीनं आवळलेल्या. गव्हाचं भूस घालून पांढरी माती भिजवायची, ती कुजून वास मारायला लागेपर्यंत ठेवायची, पायानं तुडवायची, आणि एकाच वेळी कुडाच्या दोन्ही बाजूंनी दोघींनी थापायची. एका बाजूनंच थापली तर कूड वाकतो. वाळल्यावर बारीक चिरा येणारच. त्या शेणाच्या सारवणात बुजतात. दिव्याच्या कोनाड्याभोवती आजी ओल्या मातीत चार बोटं ओढून लाटा काढायची. तिला कुणी कलाकार म्हटलं नाही, तिनं म्हणवून घेतलंही नसतं. सासूनं काढल्या म्हणून तीही काढायची.

मीराबेनच्या ताडामागेही असंच गणित असणार. उठावाची माती आणि भिंतीची माती एकाच जातीची हवी. काळ्या मातीत ताड उठवला असता तर वाळता वाळता झावळ्या गळून पडल्या असत्या.

डिसेंबर १९३६मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं. गांधींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना बोलावलं आणि अट तीच घातली, खेड्यात मिळेल तेवढ्यातच भागवा. बांबू आणि गवत यांतून नंदलालबाबूंनी ते नगर उभं केलं. पुढं १९३८ला वर्ध्यात ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय सुरू झालं. शहरातल्या दिवाणखान्यात नंतर जे जे शिरलं, हातकागद, चटया, मडकी, ते तिथं आधीच मांडलेलं होतं. फक्त ते शोभेसाठी नव्हतं, खेड्याला रोजगार मिळावा म्हणून होतं.

भाचीच्या आरशांच्या उशांची गोष्ट निराळी. ती कला बंजाऱ्यांची, आणि त्यांचं घर म्हणजे बैलाची पाठ. धान्य, मीठ, कापूस बैलांवर लादून तांडे या मुलखातून जायचे. फेटिया, कांचळी, पिशव्या, बैलाच्या झुली, सगळ्यांवर कवड्या आणि आरसे; भिंतच नाही तर शोभा अंगावर आणि जनावरावरच राहणार. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांवरची वाहतूक बसत गेली. मग शंभरेक वर्षांनी, १९६०-७०च्या दशकांत, युरोप-अमेरिकेची हिप्पी पोरं जमिनीच्या मार्गानं भारतात आली, असं भरतकाम पिशव्यांत भरून घेऊन गेली, आणि तिकडच्या दुकानांत ते ‘बोहेमियन’ झालं. तेच आता पुण्याला परत आलंय. ते भरणाऱ्या बाईच्या हाती त्यातले किती पैसे पडतात, हे भाचीच्या पावतीवर लिहिलेलं नव्हतं.

व्यापाराच्या मालाचं निघालं म्हणून सांगते, आमच्या तालुक्यातलं गिरड दगडांसाठीच ओळखावं असं. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि भोवती गोल, टणक झिओलाइटचे खडे विखुरलेले. कथा अशी की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टर उडवली, तर बाबांनी त्यांच्या नारळासुपाऱ्यांसकट सगळ्या मालाचे दगड केले. मग माफी मागितल्यावर सुक्या पानांतून नवा माल करून दिला, आणि ते दोघे बाबांच्या सेवेतच राहिले. व्यापाराचा माल नुसती बघायची वस्तू कसा होतो, याची याहून जुनी गोष्ट मला माहीत नाही.

१९७८च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आला आणि बापूकुटीवर बोलला. घर आता माणसापेक्षा सामानाच्या सोयीसाठी बांधतात, असा त्याचा रोख. तो भाषणात बरोबर होता, पण एक त्याच्या नजरेतून सुटलं असं मला वाटतं: त्या कुटीतही शोभा आहे. ताड उठवल्यानं भिंत मजबूत झाली नाही. काही उपयोग नसताना कुणीतरी तिथं वेळ घालवला, आणि काटकसरीचे कडक हिशेब ठेवणाऱ्या गांधींनी ती भिंत तशीच राहू दिली.

भाचीचं लिप्पन मध्यंतरी फुटलं. खोक्यातली तयार पूड, वर डिंक, आणि खाली प्लास्टिक पेंटची गुळगुळीत भिंत, धरणार कशाला? तिला सांगितलं, आधी लाकडी फळीवर पोतं ठोक, त्यावर थाप, आणि पुढच्या वेळी आलीस की पांढरीची माती भरून देते, भुसासकट. तिचा फोन लगेच आला, की नागपूरच्या विमानतळावर मातीची पिशवी सोडतात का ते आधी विचार.